साठ फुटांचा चौकोन
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात क्रीडाविषयक बैठकीत केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस 'परदेशातील मुलांचे खेळ' या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात एखादे हलकेफुलके प्रवासवर्णन असावे. २०२३ साली एप्रिलच्या मध्यापासून तीन महिने आम्ही आमच्या कन्येकडे अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात राहून आलो, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. परदेशाहून आलेल्या माणसाकडून उंच इमारतींच्या व रुंद रस्त्यांच्या हकीकती ऐकण्याची आपली नेहमीच तयारी असते. परंतु आजच्या विषयाची सुरुवात परदेशात झाली तरी त्याचा शेवट आपल्या वसतिगृहामागील पटांगणावर होणार आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. गेल्या सर्वसाधारण सभेत आपण एक ठराव संमत केला: पटांगणावर निघावयाच्या मुलांच्या क्रीडासंघांत केवळ ज्ञातीतील मुलांसच प्रवेश असावा. त्या ठरावाचे अनुमोदक आम्ही स्वतः होतो. तेव्हा पुढे जे काही बोलू, ते दुसऱ्या कोणावर ठपका ठेवण्यासाठी नव्हे, हे ध्यानात असू द्यावे.

तिकडे पोहोचल्यावर पहिल्याच शनिवारी सकाळी नातू डोक्यावर टोपी चढवून समोर उभा राहिला. "आजोबा, चला, मॅच आहे." वय वर्षे नऊ. गावातील ग्रंथालयाच्या मागे जाळीचे कुंपण घातलेले मैदान होते. बसावयास पत्र्याची बाके, एका कोपऱ्यात सरबत आणि खाद्यपदार्थ विकणारी टपरी. टपरीत उभे असलेले गृहस्थ एका मोठ्या कंपनीत अधिकारी आहेत, असे जावईबापूंनी सांगितले. त्या दिवशी त्यांची पाळी होती. जावईबापू स्वतः लोखंडी दंताळे घेऊन माती सारखी करीत होते. घरात चहाचा कप जागेवरून न हलविणारा हा मनुष्य मैदानावर घाम गाळताना पाहून आमच्या कन्येने आमच्याकडे सहेतुक पाहिले. असो.

नातवाच्या संघाच्या सदऱ्यावर एका दंतवैद्याच्या दवाखान्याचे नाव होते आणि प्रतिपक्षाच्या सदऱ्यावर नळदुरुस्ती करणाऱ्याचे. दातांनी नळांवर दोन धावांनी मात केली. आमच्या नातवाच्या शेजारी उभा राहून सफाईने चेंडू अडविणारा एक मुलगा आमच्या डोळ्यांत भरला, म्हणून सामना संपल्यावर आम्ही सवयीप्रमाणे विचारले, "तो कोणाचा रे मुलगा?" नातू म्हणाला, "तो आमचा शॉर्टस्टॉप." प्रश्न दुसऱ्या रीतीने विचारून पाहिला, तरी उत्तर तेच. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा क्षेत्ररक्षक, एवढीच नवी माहिती मिळाली.

हा खेळ आपल्याकडे सर्वांस परिचित नाही, म्हणून दोन वाक्यांत सांगतो. संघात नऊ खेळाडू. मैदानावर एक तिरपा चौकोन आखलेला, त्याच्या चार कोपऱ्यांवर बेस. चेंडू टाकणारा तो टप्पा न पाडता फेकतो. फलंदाज तो टोलवून एकामागून एक कोपरे गाठीत परत मूळ जागी आला की एक धाव झाली. तीन गडी बाद झाले की डाव फिरतो. मोठ्यांचा सामना नऊ डावांचा, मुलांचा सहा डावांचा. आमच्या भगिनींनी शाळेत राउंडर्स खेळलेले असेल, त्यांस हे समजावून सांगण्याची गरज नाही. सॉफ्टबॉल हे याचेच भावंड: चेंडू अधिक मोठा आणि तो हात खालून फिरवून टाकावयाचा. १८८७ साली शिकागो शहरातील एका नौकाविहार मंडळाच्या दिवाणखान्यात काही तरुणांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला, झाडूचा दांडा बॅट म्हणून घेतला, आणि त्यातून हा खेळ निघाला. आज तो आपल्या महाराष्ट्रातील शालेय स्पर्धांतही खेळला जातो.

आता मुख्य कथेकडे वळू. पेन्सिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहॅना नदीच्या काठी विल्यमस्पोर्ट नावाचे गाव आहे. एके काळी लाकडाच्या वखारींमुळे ते भरभराटीस आले होते. १९३८ सालापर्यंत ती भरभराट ओसरली होती आणि मंदीचे दिवस होते. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कार्ल स्टॉट्झ नावाचा तिशीच्या आतला एक नोकरदार आपल्या दोन भाच्यांबरोबर अंगणात चेंडू झेलीत होता. चेंडूमागे धावताना तो लायलॅकच्या झुडपाच्या खुंटांत अडखळला, पाय खरचटला आणि पायरीवर बसून राहिला. बसल्या बसल्या त्यास आपले लहानपण आठवले: थोरली मुले मैदान अडवून बसत, धाकट्यांच्या वाट्यास फाटका चेंडू आणि मोडकी बॅट येई. त्याने भाच्यांस विचारले की, तुमच्यासाठी खराखुरा संघ काढला, गणवेश दिला, प्रत्येक सामन्यास नवा चेंडू दिला, तर खेळाल काय? मुले नाही कशास म्हणतील!

त्याने पुढे केलेली गोष्ट आम्हांस विशेष वाटते. त्याने प्रथम मैदान मुलांच्या मापाचे केले. मोठ्यांच्या मैदानात एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचे अंतर ९० फूट असते. दहा वर्षांचे मूल तेवढे धावेपर्यंत केव्हाच बाद होते. स्टॉट्झने वर्तमानपत्रांच्या घड्या बेस म्हणून मांडल्या, मुलांस पळावयास लावले, घड्या पुढेमागे सरकवीत पाहिले आणि ६० फुटांवर थांबला. त्या अंतरावर टोला मारणारा आणि चेंडू फेकणारा यांची शर्यत बरोबरीची होते. आज जगातील ८० हून अधिक देशांत मुले ज्या चौकोनात धावतात, तो हाच.

मैदान झाले, पैशांचे काय? स्टॉट्झ दुकानादुकानांतून हिंडला. छप्पन्न ठिकाणी नकार मिळाला आणि सत्तावन्नाव्या ठिकाणी होकार, असे सांगतात. तो होकार लायकमिंग डेअरी या दूधवाल्या पेढीचा होता. तिने तीस डॉलर दिले. मागोमाग लंडी लंबर ही लाकडाची वखार आणि जंबो प्रेट्झल हा खाऱ्या बिस्किटांसारखा पदार्थ करणारा कारखाना, असे आणखी दोन आश्रयदाते मिळाले. ६ जून १९३९ रोजी पहिला सामना झाला. लाकूडवाल्यांनी दूधवाल्यांचा २३ विरुद्ध ८ असा पराभव केला. या संस्थेस लिट्ल लीग असे नाव मिळाले.

या ठिकाणी आम्ही आपणांस क्षणभर थांबवू इच्छितो. दूधवाल्या पेढीने तीस डॉलर दिले, आपले नाव मुलांच्या सदऱ्यांवर घातले, आणि मुले कोणाची घेतली? गल्लीतली. गवळ्यांचीच मुले खेळतील अशी अट तिने घातली नाही. आश्रय देणाऱ्याचे नाव एक आणि खेळणारी मुले वेगवेगळ्या घरांची, ही सोय त्या पहिल्याच वर्षी बसली. आजही नावनोंदणीच्या वेळी जावईबापूंकडून दोनच गोष्टी मागितल्या गेल्या: मुलाच्या जन्मतारखेचा दाखला आणि त्या हद्दीत राहत असल्याचा पुरावा. मूल त्या हद्दीतील शाळेत जात असले तरी चालते. फी भरता येत नाही म्हणून मूल परत पाठवू नये, असा संस्थेचा दंडक आहे. नंतर संघांचे व्यवस्थापक, म्हणजे मुलांचे वडील किंवा आया, एकत्र बसून पाळीपाळीने मुले निवडतात, जेणेकरून सगळे चांगले खेळाडू एकाच संघात जाऊ नयेत.

नियमांतही एक विचार दिसतो. संघातील प्रत्येक मुलास प्रत्येक सामन्यात निदान एकदा फलंदाजी मिळालीच पाहिजे आणि प्रतिपक्षाचे सहा गडी बाद होईपर्यंत मैदानात उभे राहावयास मिळालेच पाहिजे. आपल्याकडील स्पर्धांत बारावा मुलगा पाण्याची बाटली घेऊन जातो आणि घेऊन परत येतो, त्याच्या वडिलांस हे ऐकून बरे वाटेल. दुसरा नियम चेंडू टाकणाऱ्याच्या खांद्यासाठी आहे. कोवळ्या वयात अतिरेकाने खांदा आणि कोपर कायमचे दुखावतात, म्हणून २००७ सालापासून चेंडू मोजले जातात. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ८५ हून अधिक चेंडू टाकावयाचे नाहीत, आमच्या नातवाच्या वयाच्या मुलाने ७५ हून अधिक नाहीत, आणि अधिक टाकले तर पुढे काही दिवस सक्तीची विश्रांती. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आपल्या बारा वर्षांच्या चिरंजिवांकडून सकाळ-संध्याकाळ नेटमध्ये गोलंदाजी करवून घेतात आणि ती मोजतातही, परंतु कमी पडू नये म्हणून!

इथवर सारे गोडगोड झाले. आता जे सांगावयाचे आहे ते तितके गोड नाही.

१९५५ साली अमेरिकेच्या दक्षिणेकडील साउथ कॅरोलायना राज्यात, चार्ल्स्टन शहरातील कॅनन स्ट्रीट वायएमसीए येथे कृष्णवर्णीय मुलांची एक लीग रीतसर नोंदलेली होती. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य असल्याचा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला होता आणि दक्षिणेतील गोरा समाज बिथरलेला होता. कॅनन स्ट्रीटच्या निवडक अकरा-बारा वर्षांच्या मुलांनी शहराच्या स्पर्धेत नाव घातले. गोऱ्या संघांनी खेळावयास नकार दिला. राज्याची स्पर्धा आली. तेथे एकूणएक गोऱ्या संघांनी, म्हणजे एकसष्ट संघांनी, अंग काढून घेतले. एकही चेंडू न टाकता ही मुले राज्याची विजेती ठरली. संस्थेच्या मुख्य कार्यालयाने गोऱ्या संघांचे म्हणणे मान्य केले नाही, एवढे श्रेय त्यास दिले पाहिजे. परंतु जॉर्जियातील रोम गावी होणाऱ्या पुढील फेरीत या मुलांस जाता येणार नाही, असा निर्णयही त्याच कार्यालयाने दिला. कारण, पुढे जावयाचे तर मैदानावर जिंकून गेले पाहिजे, असे नियमात लिहिले होते. ज्यांच्याशी कोणी खेळावयास तयार नाही, त्यांनी जिंकावे कसे, हे मात्र नियमात लिहिलेले नव्हते.

मग संस्थेने या मुलांस विल्यमस्पोर्ट येथील अंतिम स्पर्धेस पाहुणे म्हणून बोलाविले. मुले जुनाट बसमधून दूरचा प्रवास करून गेली. अंतिम सामन्यापूर्वी त्यांस मैदानावर थोडा सराव करू दिला. त्यांची चेंडूफेक पाहून प्रेक्षकांतून आरोळी उठली, "खेळू द्या त्यांना! खेळू द्या त्यांना!" नंतर मुलांस बाकांवर बसविण्यात आले आणि त्यांनी दुसऱ्यांचा सामना पाहिला. सत्तेचाळीस वर्षांनी, २००२ साली, तेवढ्याच माणसांस, आता साठीला टेकलेल्या, त्याच गावी बोलावून १९५५ सालच्या राज्य विजेतेपदाचे निशाण देण्यात आले. आम्ही हा भाग वाचला तेव्हा आमच्या मनात प्रश्न आला की, साठीच्या माणसाने त्या निशाणाचे करावयाचे तरी काय?

त्या गोऱ्या संघांनी पुढे आपली वेगळी संघटना काढली. तिचे नियम लेखी होते आणि त्यांत गोऱ्या मुलांखेरीज कोणास जागा नव्हती. ते पदाधिकारी दुष्ट होते असे मानण्याचे कारण नाही. आपापल्या मुलांवर त्यांचे प्रेम होते, मैदानासाठी ते वर्गणी काढीत होते, शनिवारी माती ओढीत होते. आपल्या लोकांसाठी आपण काही करीत आहोत, या समाधानात ते होते. पुढील काळात त्या संघटनेसही आपला नियम बदलावा लागला.

त्याच १९५५ सालच्या ऑगस्टमध्ये फ्लॉरिडा राज्यात दुसरी गोष्ट घडली. पेन्साकोला गावाच्या कृष्णवर्णीय मुलांचा संघ ओर्लँडो येथे गोऱ्या मुलांच्या संघासमोर आला. ओर्लँडोच्या मुलांसच विचारण्यात आले की, खेळता की माघार घेता? मुले खेळावयास आली होती, ती खेळली. ओर्लँडोचा संघ जिंकला. मुलांस विचारले असते तर चार्ल्स्टनलाही हेच घडले असते काय, हे कोण सांगणार? तेथे मोठ्यांनी विचारले नाही, एवढे मात्र खरे.

आपणांपैकी कोणी म्हणेल की, हा गोऱ्या-काळ्यांचा परदेशी तंटा येथे कशास? त्यांस आम्ही मुंबईच्या मैदानाची आठवण करून देतो. येथे हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन अशा संघांचे चौरंगी सामने १९१२ पासून होत. १९३७ साली त्यांत 'इतर' नावाचा पाचवा संघ आला. १९४६ साली ही स्पर्धा कायमची बंद पडली. १९४० साली गांधीजींनीही जातीय संघांच्या या खेळास नापसंती दर्शविली होती. याच स्पर्धेत हिंदूंच्या संघास विजय मिळवून देणारे पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी त्यांच्या उमेदीच्या काळात पुण्याच्या मैदानावर त्यांस चहा मिळे तो मंडपाबाहेर आणि वेगळ्या भांड्यात. चेंडू सर्वांनी हाताळलेला चाले, कप चालत नसे! त्यांस कर्णधारपद कधी मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस ते १९२३ साली मिळाले. तेव्हा प्रश्न परदेशी नाही.

आता मुलींकडे वळू. गेल्या वर्षीच्या ठरावात 'मुलांचे क्रीडासंघ' असे शब्द होते आणि त्यांत मुलींचा विचार कोणाच्याही मनात नव्हता, अनुमोदकाच्या तर नव्हताच. लिट्ल लीगचीही तीच गत होती. १९५० साली न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग गावी कॅथरीन जॉन्स्टन नावाच्या मुलीने वेण्या कापल्या, टोपी घातली आणि मुलाचे टोपणनाव घेऊन संघात प्रवेश मिळविला. पुढे तिने प्रशिक्षकास खरे सांगितले. तो शहाणा निघाला आणि त्याने तिला खेळू दिले. परंतु त्यानंतर संस्थेने मुलींस प्रवेश नाही असा स्पष्ट नियमच केला, आणि तो तेवीसएक वर्षे टिकला. १९७२ साली न्यू जर्सीतील होबोकेन येथे मारिया पेपे नावाची बारा वर्षांची मुलगी तीन सामने खेळली. मुख्य कार्यालयाने गावाच्या लीगची मान्यता काढून घेण्याची धमकी दिली आणि तिला संघाबाहेर जावे लागले. प्रकरण न्यू जर्सीच्या नागरी हक्क विभागापुढे गेले. १९७३ साली सिल्व्हिया प्रेसलर या सुनावणी अधिकारी बाईंनी मुलींच्या बाजूने निर्णय दिला, न्यायालयाने तो कायम केला आणि १९७४ साली संस्थेने मुलींस दार उघडले. त्याच वर्षी मुलींसाठी सॉफ्टबॉलचा विभागही सुरू झाला. निकाल लागेतो मारिया पेपेचे वय मात्र लिट्ल लीगच्या मर्यादेबाहेर गेले होते. मुलांचे बाबतीत उशिरा मिळालेला न्याय दुसऱ्याच मुलांच्या पदरी पडतो. चाळीस वर्षांनी, २०१४ साली, फिलाडेल्फियाच्या मोने डेव्हिस या मुलीने विल्यमस्पोर्टच्या स्पर्धेत चेंडू टाकून प्रतिपक्षास एकही धाव घेऊ दिली नाही. असा पराक्रम करणारी ती पहिली मुलगी.

या संस्थेचे आम्ही भाट झालो आहोत, असे समजू नये. तिच्यातील दोषही आम्हांस दिसले. रबराचा मोठा कारखानदार १९४८ साली आश्रयदाता झाला, कारभार वाढला, आणि १९५५ सालच्या सुमारास संस्थापक स्टॉट्झ यांचे व्यवस्थापनाशी इतके बिनसले की प्रकरण कोर्टात गेले. ते बाहेर पडले, आपल्या जुन्या मैदानावर लहानशी लीग चालवीत राहिले आणि १९९२ साली वारले. संस्थापकास संस्थेबाहेर जावे लागणे हे केवळ आपल्याकडेच घडते, हा आमचा समज दूर झाला. हद्दीचा नियमही मोडला जातो. २०१४ साली अमेरिकेतील विजेता ठरलेला शिकागोचा संघ हद्दीबाहेरची मुले घेऊन खेळला असे आढळल्यावर पुढील वर्षी त्याचे पद काढून घेण्यात आले. त्या संघातील मुले कृष्णवर्णीय होती, आणि मोठ्यांनी नकाशात केलेल्या फेरफाराची शिक्षा त्यांस भोगावी लागली. आजकाल तर पैसेवाले पालक गावची लीग सोडून मुलांस मोठी फी घेणाऱ्या फिरत्या संघांत घालतात, आणि त्यामुळे गावचे संघ विरळ होतात, अशी तक्रार आम्ही जावईबापूंच्या मित्रांकडूनही ऐकली. म्हणजे रंगाची रेघ पुसली तर पैशाची रेघ ओढण्यास माणूस तयारच असतो.

तरीही एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५७ साली मेक्सिकोतील मॉन्टेरे या औद्योगिक शहराची मुले अमेरिकेची सरहद्द पूल ओलांडून पायी आली, एकामागून एक सामने जिंकीत विल्यमस्पोर्टला पोहोचली, आणि अंतिम सामन्यात आन्हेल मासियास या मुलाने कॅलिफोर्नियाच्या संघाचे अठराच्या अठरा फलंदाज एकासही बेसवर पोहोचू न देता बाद केले. अमेरिकेबाहेरच्या संघाने ही स्पर्धा जिंकण्याचा तो पहिला प्रसंग. सहा डाव, प्रत्येकी तीन गडी, अठरा. हिशेब करून पाहावा. यापेक्षा अधिक काही करता येण्यासारखे नाही.

आता पटांगण. गेल्या दिवाळीच्या सुटीत ठरावाप्रमाणे संघांची नोंदणी झाली, तेव्हा फाटकाजवळच्या टेबलावर वही घेऊन आम्हीच बसलो होतो. तीन मुले एकत्र आली. दोघांची नावे आणि आडनावे लिहून घेतली. तिसऱ्याने आडनाव सांगितले आणि आम्ही पेन थांबविले. त्यास आम्ही रागावलो नाही. उलट अत्यंत गोड शब्दांत सांगितले की, बाळ, हे आपल्या मंडळींपुरते आहे. तो 'बरं, आजोबा' म्हणाला आणि वळला. आश्चर्य असे की, पहिली दोन मुलेही त्याच्या मागोमाग फाटकाबाहेर गेली आणि समोरच्या रस्त्यावर त्यांनी दोन विटा मांडून खेळ सुरू केला. त्यांची नावे वहीत अद्याप आहेत. ती मुले नंतर पटांगणावर आली नाहीत. एकूण नोंदणी बावीस झाली, प्रत्यक्ष येणारी तेरा-चौदा, आणि दोन संघ काही पुरे झाले नाहीत. डिसेंबरपासून पटांगणावर वसतिगृहाचे कपडे वाळतात.

न्यू जर्सीतील त्या टेबलावर आमच्या जावयाकडून आडनावाचा खुलासा मागितला असता, तर आम्हांस काय वाटले असते, हा प्रश्न आम्ही तेथे बसून स्वतःस विचारला. तो शॉर्टस्टॉप कोणाचा, हे आम्हांस शेवटपर्यंत कळले नाही. आमच्या नातवाच्या घरी तो तीन वेळा जेवून गेला आणि त्यास साबुदाण्याची खिचडी आवडते, एवढे कळले.

आपल्या ज्ञातिसंघाने वसतिगृह बांधले, गरजू विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या दिल्या, विधवा भगिनींस आधार दिला. ही कामे ज्ञातीपुरती का असेनात, त्यांची थोरवी आम्ही जाणतो आणि त्यांत काही बदल सुचवीत नाही. शिष्यवृत्ती एकट्यास घेता येते. खेळ एकट्यास खेळता येत नाही; त्यास समोर दुसरा संघ लागतो, आणि तो गल्लीतूनच यावयाचा. तेव्हा दूधवाल्या पेढीची रीत आपण उचलावी. सदरा आपला, त्यावर नाव आपल्या संघाचे, चेंडू-बॅट आपण पुरवावयाची. मुले मात्र पटांगणाभोवतीच्या चार गल्ल्यांतील, जो येईल तो. मुलींसाठी सॉफ्टबॉल. क्रिकेटचे टोले खिडक्यांच्या काचांवर जातात, ही वसतिगृहप्रमुखांची तक्रार जुनी आहे. सॉफ्टबॉलसही तोच ६० फुटांचा चौकोन लागतो आणि आम्ही गेल्या रविवारी दोरी घेऊन पटांगण मोजले: कपड्यांच्या तारा हलविल्या तर चौकोन नीट बसतो, मागे धावावयासही जागा उरते.

खर्चाचा अंदाज कोषाध्यक्षांस दिला आहे. हातमोजे महाग पडतात. प्रत्येक मुलास एक न देता संघास नऊ घ्यावे आणि डाव फिरला की दुसऱ्या संघाने तेच वापरावे, असा आमचा विचार आहे. पंचाचे काम पालकांनी पाळीपाळीने करावे. माती सारखी करण्याचे काम आमच्याकडे असू द्यावे; जावईबापूंकडून शिकून आलो आहोत.

गेल्या वर्षीच्या ठरावातील 'ज्ञातीतील मुलांसच' हे शब्द गाळून त्या जागी 'परिसरातील मुलामुलींस' असे घालावे, अशी दुरुस्ती लेखी स्वरूपात चिटणीसांकडे दिली आहे. ती उद्याच्या सर्वसाधारण सभेत सकाळी दहा वाजता मांडली जाईल. अनुमोदक म्हणून खाली आमचीच सही आहे. सूचकाची जागा मोकळी ठेवली आहे.